बीजभाषक ठरवताना: ‘गाव, ग्रंथालय आणि बदलतं हवामान’ या अधिवेशनासाठी

जिल्हा ग्रंथालय संघाच्या बैठकीत अधिवेशनाचा विषय ठरला रे ठरला, की नावं पडायला लागतात. कुणाचे कॉलेजचे सर, कुणाच्या ओळखीतले अधिकारी, टीव्हीवरच्या चर्चेत दिसणारं कुणी. ही नावं वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. आधी ठरवायचं ते एवढंच: एक खोली, चार कपाटं आणि तुटपुंजं मानधन असलेला ड वर्गाच्या (सरकारी वर्गवारीतल्या सर्वांत लहान) ग्रंथालयाचा ग्रंथपाल अधिवेशनाहून परत गेल्यावर सोमवारी वाचनालय उघडून नेमकं काय वेगळं करणार? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो तुमचा बीजभाषक, म्हणजे अधिवेशनाचं मुख्य भाषण करणारा. बाकीचे कितीही मोठे असले तरी ते पाहुणे, आणि पाहुण्यांसाठी कार्यक्रमात वेगळी जागा करता येते.

हवामानबदल हा विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर कुणीही तासभर बोलू शकतो. हिमनग वितळताहेत, झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, टाळ्या. असं भाषण ऐकून कुणाचं नुकसान होत नाही आणि कुणाचं कामही होत नाही. ते टाळायचं असेल तर वक्त्याच्या आधी विषय आवळावा लागतो.

विषय एका वाक्यात बसवा

तुमच्या जिल्ह्याला काय सोसावं लागतं तिथून सुरुवात करा. रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, सांगलीला पूर आणि दरडी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही पाण्यात गेलं. २००५ च्या पुरातही त्याची तीच गत झाली होती. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या ग्रंथालयांत पाणी शिरलं. लातूरकडे दुखणं उलटं: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला उन्हाळाच पुरेसा आहे.

आता वाक्य लिहा, आणि त्यात ग्रंथालयाने करायची कृती असलीच पाहिजे. ‘पूर ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत ग्रंथालयाने पुस्तकांचं आणि गावाच्या कागदपत्रांचं काय करायचं’ हे वाक्य चालेल. ‘गावचा पाऊस आणि पाण्याचा ताळेबंद लोकांना वाचता यावा म्हणून वाचनालयात काय ठेवायचं’ हेही चालेल. ‘एप्रिल-मेच्या दुपारी वाचनालय सावलीची, पाण्याची जागा कसं होईल’ हे तर उत्तमच. ‘हवामानबदल: आव्हाने आणि संधी’ हे चालणार नाही. ते फ्लेक्सवर शोभतं, पण त्यावरून वक्ता शोधता येत नाही.

एका दिवसाच्या अधिवेशनाला एकच बीजभाषण ठेवा. दोन दिवस असतील तर दोन. पहिल्या सकाळी आकडे आणि कारणं सांगणारं माणूस, दुसऱ्या सकाळी प्रत्यक्ष काम केलेलं. क्रम उलटा केलात तर दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञाला पहिल्या दिवशीच्या गोष्टींचे खुलासे करत बसावं लागतं.

कोणाकडे काय मिळतं

पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, भारतीय हवामानशास्त्र विभागाचं मोठं कार्यालय आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथे कृषी विद्यापीठं आहेत आणि तिथे कृषी हवामानाचं काम चालतं. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रातही विषयतज्ज्ञ असतात. मान्सून, पिकं, उष्णता यांबद्दल खात्रीचं ऐकायचं तर इथली माणसं. त्यांची अडचण ठरलेली आहे: ती सरकारी सेवेत असतात. पत्र संस्थेच्या प्रमुखांच्या नावे आणि प्रत वक्त्याला असं पाठवा, आणि परवानगीसाठी निदान दोन महिने धरा. मानधन घेता येईल की नाही हेही त्यांच्या कार्यालयाच्या नियमांवर अवलंबून असतं. आपण रक्कम ठरवून ठेवावी आणि घेणं न घेणं त्यांच्यावर सोडावं. दुसरी अडचण भाषेची. सगळी कारकीर्द इंग्रजीत शोधनिबंध लिहिण्यात गेलेल्या माणसाला मराठीत सलग चाळीस मिनिटं बोलायची सवय नसते. मराठी येत असूनही. म्हणून फोनवरच्या पहिल्या गप्पा मराठीतच करा, कळून येतं.

गावात काम उभं केलेली माणसं ही दुसरी जात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षीच्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि त्यावरून पिकं ठरवायची रीत पाडली. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ग्रंथालयाच्या दृष्टीने तिथली मोलाची वस्तू म्हणजे तो ताळेबंद: गावाने स्वतः मांडलेला आणि सगळ्यांसमोर वाचलेला कागद. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचंही तसंच. सामूहिक वनहक्कासाठी (जंगलावरच्या गावाच्या एकत्रित हक्कासाठी) ते गाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिथल्या निर्णयांच्या मागे अभ्यासगट होते. लोक जमायचे, वाचायचे, चर्चा करायचे, मग ग्रामसभेत ठरवायचे. वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांनी नेमकं हेच ऐकायला हवं. तेव्हा अशा गावातून कुणाला बोलावलं तर ‘तुमची यशोगाथा सांगा’ म्हणू नका. यशोगाथा त्यांनी शेकडो वेळा सांगितलेली असते आणि ती आपोआप चालू होते. ‘नोंदी कोण ठेवतं, कशात ठेवतं, वाचून कोण दाखवतं’ हे विचारा.

आणि तिसरी जात, जी समित्यांना हमखास सुचत नाही: पूर किंवा आग किंवा वादळ सोसलेला ग्रंथपाल. हवामान आणि ग्रंथालय या दोन्ही गोष्टी ज्याच्या अंगावरून गेल्या आहेत असं माणूस याहून कुठे मिळणार? ‘आपल्यातलाच आहे, त्याला काय बोलवायचं’ ही वृत्ती सोडली तर पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी याच्यापेक्षा चांगली निवड नाही.

अशा ग्रंथपालाला बोलण्याबरोबर दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक करायला सांगा. सामान फारसं लागत नाही: दोन बादल्या पाणी, दोन मोठ्या घमेल्या, रद्दीतली आठ-दहा जाडजूड पुस्तकं आणि मासिकं, कोरे न्यूजप्रिंटचे कागद, सुती फडकी, एक टेबलपंखा, खाली अंथरायला प्लॅस्टिक. पुस्तकं आदल्या रात्री भिजत घालायची. (संग्रहातली जुनी पुस्तकं परस्पर वापरू नका. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वहीत, असलेलं पुस्तक रीतसर निर्लेखन होऊन नोंदीतून कमी झाल्याशिवाय बाद होत नाही. रद्दीवाल्याकडून किलोवर आणा.) सकाळी सगळ्यांना दिसतं की भिजून पुस्तक फुगतं, म्हणून गच्च भरलेल्या फळीतून ते ओढून काढताना कणा फाटतो. गुळगुळीत कागदाच्या मासिकाची पानं वाळताना एकमेकांना चिकटून वीट होते, साध्या कागदाची होत नाहीत. चिंब पुस्तक उघडायचं नसतं, चिखल पुसायला चोळायचं नसतं, उन्हात तर मुळीच टाकायचं नसतं. बंद ठेवून पाणी निथळू द्यायचं, मग थोड्या थोड्या पानांमागे कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, आणि पंख्याची हवा खोलीत खेळती ठेवायची, थेट पुस्तकावर मारायची नाही. छापील वर्तमानपत्र घातलं तर शाई उतरते. दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून सगळी पुस्तकं वाचवायला जाणारा बहुतेक वेळा सगळीच घालवतो. आधी स्थानिक इतिहास, हस्तलिखितं, जुन्या नियतकालिकांच्या फाईली आणि दाखल नोंदवही, बाजारात मिळणाऱ्या कादंबऱ्या शेवटी. हे डोळ्यांनी पाहिलेला ग्रंथपाल परत जाऊन दाखल नोंदवही खालच्या खणातून वरच्या खणात तरी हलवतो.

पत्रकार, प्रवचनकार, निवृत्त अधिकारी यांच्याबद्दल थोडक्यात: गावोगाव फिरलेला पत्रकार उपयोगी पडतो. उरलेल्या दोघांना समारोपाला बोलवा.

पारख

नावं दहा-बारा जमली की प्रत्येकाचं एक तरी ध्वनिमुद्रण पाहा. सुरुवात पाहू नका, सुरुवात सगळ्यांचीच चांगली असते. विसाव्या मिनिटापासून दहा मिनिटं पाहा. तिथे गाडी घसरलेली असते किंवा खरं भाषण सुरू झालेलं असतं.

मग फोन. तीन प्रश्न पुरतात.

पहिला: ‘आमच्या तालुक्यात पाऊस वाढलाय की कमी झालाय?’ जो लगेच उत्तर देईल त्याच्यापासून सावध. चांगला जाणकार आधी विचारतो की तुमच्याकडे किती वर्षांच्या नोंदी आहेत. कारण सरासरी काढायला तीस वर्षांचा काळ धरतात आणि एका पावसाळ्यावरून हवामान बदललं म्हणता येत नाही.

दुसरा: ‘गेल्या वर्षी इथे ढगफुटी झाली, त्यावर बोलाल का?’ बातम्यांत कुठल्याही मुसळधार पावसाला ढगफुटी म्हणतात. हवामानशास्त्र विभागाच्या हिशेबात लहानशा क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला तर ती ढगफुटी. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला तर जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या पुढे अतितीव्र. मदतीच्या पंचनाम्यासाठी महसुली मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) ६५ मिमीची अट लावतात, ती याच्या जवळची. वक्त्याला हे आकडे तोंडपाठ असायची गरज नाही. पण तो ‘खरंच ढगफुटी होती का ते बघावं लागेल’ म्हणाला तर माणूस कामाचा आहे.

तिसरा: ‘ग्रंथालयाने काय करावं?’ इथे ‘पर्यावरणाची पुस्तकं ठेवावीत, जनजागृती करावी’ असं उत्तर आलं तरी लगेच नाव खोडू नका. त्यांनी ग्रंथालयाचा विचार कधी केलेला नसतो एवढंच. तुमच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांत काय काय आहे ते दोन वाक्यांत सांगा: जुन्या वर्तमानपत्रांच्या फाईली, गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), अभ्यासिकेत रोज बसणारी चाळीस मुलं. पुढचा प्रश्न त्यांच्याकडून आला तर ठीक. आला नाही, तर ते त्यांचं नेहमीचं भाषण करून जाणार.

नाव खोडायची कारणं मात्र पक्की ठेवा. सगळ्या संकटावर एकच उपाय सांगणारा. प्रत्येक आकडा ‘एका अभ्यासानुसार’ म्हणून फेकणारा. ऐकणाऱ्याला घाबरवून सोडणारा. भ्यालेलं माणूस घरी जाऊन काही करत नाही. आणि ज्याला स्वतःचं काही विकायचं आहे असा, मग ते सौरदिवे असोत की स्वतःचं पुस्तक.

निवडीच्या यादीत बायका किती, जिल्ह्यातल्या आदिवासी किंवा किनारी भागातलं कुणी आहे का, हे शेवटी तपासायचं नसतं. पहिल्या दहा नावांतच बघा. पाणी भरणं, बियाणं सांभाळणं, उन्हात मजुरी ही कामं कोण करतं हे माहीत असूनही व्यासपीठावर सगळे पुरुष बसले तर मागच्या रांगेतल्या ग्रंथपाल बायांना ते दिसतं.

जे भाषण करत नाहीत त्यांचं काय

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांचं गावरान बियाण्यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. अशा कामातली माणसं बोलतात झकास, पण पोडियममागे उभं करून ‘चाळीस मिनिटं बोला’ म्हटलं की अवघडतात. त्यांच्यासाठी मुलाखत ठेवा, आणि कार्यक्रमपत्रिकेवर तिलाच ‘बीजभाषण’ म्हणा. खालच्या दर्जाचा कार्यक्रम वाटता कामा नये. मुलाखतकार संघाचा पदाधिकारी नको, चांगलं ऐकणारा ग्रंथपाल हवा. प्रश्न आठ, त्याहून जास्त नकोत; आणि ते आठवडाभर आधी फोनवर वाचून दाखवा. लेखी पाठवून भागेल असं गृहीत धरू नका. दोघांना सारख्या खुर्च्या, मध्ये टेबल नाही, दोघांना कॉलर माईक. हातात धरायचा माईक दिला की बोलणारा हात हलवतो आणि अर्धी वाक्यं हवेत जातात. बोलीत बोलू द्या. सूत्रसंचालकाने मध्ये पडून ‘म्हणजेच ताईंना असं म्हणायचंय’ करू नये.

तारीख

जून ते सप्टेंबर पावसाचे, त्यात पुराच्या विषयावर अधिवेशन घेऊन प्रतिनिधी अडकून पडायचे. मार्चमध्ये हिशेब आणि लेखापरीक्षण. एप्रिल-मेमध्ये मोकळ्या मैदानात मांडव घालून तर अजिबात नको: १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश गाठलं की हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतो, आणि पत्र्याच्या सभागृहात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. दिवाळीनंतरपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ धरा. त्यात अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या तारखा, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव आणि निवडणुकीची आचारसंहिता बघून घ्या. आचारसंहिता लागली की सरकारी सभागृह आणि लोकप्रतिनिधी दोन्ही हातचे जातात.

वक्त्याला पहिला फोन साडेचार महिने आधी, लेखी निमंत्रण चार महिने आधी, विषयाचं टिपण सहा आठवडे आधी, स्लाइड एक आठवडा आधी. आणि पहिल्या पसंतीबरोबरच दुसरं नाव ठरवून ठेवा. मात्र दुसऱ्याला ‘ते आले नाहीत तर तुम्ही’ असं सांगायचं नसतं. त्यांना दुपारच्या परिसंवादात घ्या. बीजभाषक अचानक आला नाही, तर परिसंवादातलं तयार माणूस सकाळी उभं करता येतं.

पत्र

पत्रात वक्त्याच्या थोरवीवर दोन परिच्छेद लिहिण्याची पद्धत आहे. ते त्यांना माहीत असतं. त्यांना हवं असतं ते हे:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या जिल्हा ग्रंथालय संघाचं वार्षिक अधिवेशन शनिवार, दि. … रोजी … येथे आहे. यंदाचा विषय: पूर ओसरल्यावर ग्रंथालयाने काय करायचं. श्रोते सुमारे १८०. त्यांतले दोनतृतीयांश ग्रंथपाल, बाकी संस्थांचे अध्यक्ष-कार्यवाह. बहुतेक जण खेड्यांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या ब, क, ड वर्गाच्या ग्रंथालयांतले. आपण बीजभाषण करावं अशी विनंती आहे. वेळ सकाळी १०.४५ ते ११.२५, पुढे २० मिनिटं प्रश्न. आपल्याआधी कुणाचंही भाषण नाही. मानधन रु. …, प्रवासखर्च प्रत्यक्ष झालेला, सोबत कुणी येणार असल्यास त्यांचाही. आदल्या रात्रीपासून निवासाची सोय आहे. भाषण ध्वनिमुद्रित करून सभासद ग्रंथालयांना देण्यास आपली हरकत आहे का, तेही कळवावं. आपला होकार अथवा नकार दि. … पर्यंत मिळावा.’

‘नकार’ हा शब्द मुद्दाम घाला. आपल्याकडे मोठी माणसं नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात, आणि त्या ‘बघू’वर कार्यक्रमपत्रिका छापायला जाते.

पैसे

मानधन किती याला ठरावीक आकडा नाही, पण एक हिशेब मांडून बघा. शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं, फुलं, फ्लेक्स आणि हार यांची बेरीज करा. वक्त्यांच्या मानधनाची एकूण रक्कम त्याहून कमी भरत असेल तर अंदाजपत्रक चुकलंय. प्राध्यापकाला आणि शेतकरीणबाईंना मानधन सारखंच द्या. उलट बाईंचा त्या दिवशीचा रोज बुडतो आणि प्राध्यापकांचा पगार चालू असतो. बँकेचा तपशील आणि पॅन आधीच मागून घ्या, करकपात लागते का ते लेखापरीक्षकाला विचारा, आणि रक्कम त्याच दिवशी खात्यावर टाका. ‘पुढच्या बैठकीत मंजुरी घेऊन पाठवतो’ हे ज्याने एकदा ऐकलं तो पुन्हा तुमच्या जिल्ह्यात येत नाही. तिकिटं आणि टोलच्या पावत्या वक्त्याने जपून ठेवाव्यात अशी अपेक्षा असेल तर ते निघण्याआधी सांगा.

हजार किलोमीटरवरून विमानाने वक्ता आणून कार्बन उत्सर्जनावर भाषण ऐकणं विचित्र दिसतं, आणि श्रोते ते बोलून दाखवतात. रेल्वेने रात्रीत येता येईल एवढ्या अंतरातलं माणूस बहुतेक विषयांना मिळतं. फारच लांबचं कुणी हवं असेल तर व्हिडिओवर घ्या, पण मग वेळ वीस मिनिटंच द्या आणि प्रश्न जास्त ठेवा. पडद्यावरच्या चाळीस मिनिटांत निम्मी सभा चहाला जाते.

टिपण

सहा आठवडे आधी वक्त्याला दोन पानांचं टिपण पाठवा. यावरच भाषण तुमच्या जिल्ह्याचं होतं की कुठल्याही जिल्ह्याचं, हे ठरतं. त्यात ते एक वाक्य. जिल्ह्यात अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं किती, किती जणांची इमारत स्वतःची, किती नदीकाठच्या पूररेषेत, किती पत्र्याच्या छपराखाली. हा तपशील तुमच्याशिवाय कुणाकडे नसतो. तालुकावार पावसाच्या नोंदी कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर मिळतात, त्यांचा एक तक्ता. १९७२ च्या दुष्काळाची किंवा २००५ च्या पुराची स्थानिक वर्तमानपत्रातली एखादी बातमी तुमच्या फाईलीत असेल तर तिचा फोटो. वक्त्याने तो पडद्यावर दाखवला की सभागृह जागं होतं, कारण गावाची नावं ओळखीची असतात. शेवटी तीन गोष्टी स्पष्ट लिहा: श्रोत्यांना काय आधीच माहीत आहे, काय ऐकून कंटाळा आलाय, आणि भाषणाअखेर करून बघण्यासारखी कुठली तीन कामं हवीत. ती कामं पाच हजार रुपयांच्या आत आणि एका माणसाच्या बळावर होणारी हवीत, हेही लिहा. नाहीतर सौर पॅनेल आणि डिजिटल दालनाच्या सूचना येतात आणि ड वर्गवाले एकमेकांकडे बघतात.

अनुदान आणि वेतनश्रेणीचा विषय प्रश्नोत्तरांत निघणार, निघायलाच हवा. पण त्याचं उत्तर हवामानाच्या वक्त्याकडे नसतं. त्यासाठी दुपारी वेगळा तास ठेवा आणि सकाळीच तसं जाहीर करा.

फॉन्ट, माईक, वीज

मराठी स्लाइडचा घात फॉन्टमुळे होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेलं सादरीकरण सभागृहातल्या संगणकावर उघडलं की अक्षरांच्या जागी चिन्हांचा बाजार दिसतो. युनिकोडमध्ये करायला सांगा आणि तरीही पीडीएफ मागवा. स्लाइड पंधराच्या आत, अक्षर २८ पॉइंटच्या खाली नाही, एका आलेखात एकच रेघ. मराठीत सावकाश बोलणारं माणूस मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द बोलतं. चाळीस मिनिटांचं लिहून आणलेलं भाषण साडेचार हजार शब्दांच्या पुढे गेलं असेल तर ते वेळेत संपणार नाही, हे वक्त्याला आधीच सांगता येतं.

आदल्या संध्याकाळी प्रोजेक्टर लावून शेवटच्या रांगेत बसून वाचून बघा. खिडक्यांना पडदे नसतील तर सकाळी अकराच्या उजेडात पडद्यावर काही दिसत नाही. काळं कापड आणून ठेवा. कॉलर माईकला नवे सेल, एक सुटा माईक प्रश्नांसाठी. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत काय करायचं, ते वक्त्याशी बोलून ठेवा.

सत्कारांपासून वेळ वाचवा

बीजभाषण बिघडतं ते बहुतेक वेळा वक्त्यामुळे नाही. स्वागतगीत, ईशस्तवन, अकरा जणांचं पुष्पगुच्छाने स्वागत, प्रास्ताविक, मंत्रिमहोदय वाटेत आहेत म्हणून थांबणं, आणि बारा वाजता वक्त्याच्या हातात चिठ्ठी: ‘कृपया १५ मिनिटांत आवरावे’. यावर उपाय एकच आहे. बीजभाषण उद्घाटनाच्या आधी घ्या.

नोंदणी आणि नाश्ता साडेनऊ ते साडेदहा. लांबच्या तालुक्यांतल्या एसट्या तोवर पोचतात. साडेदहाला जिल्ह्यातल्या सर्वांत जुन्या ग्रंथपालाच्या हातून दीपप्रज्वलन, दोन मिनिटांचा वक्त्याचा परिचय, आणि पावणेअकराला भाषण सुरू. औपचारिक उद्घाटन बारा वाजता, पाहुणे तेव्हाच येतात. समितीतली ज्येष्ठ मंडळी म्हणतील की उद्घाटनाआधी भाषण कसं होईल. पत्रिकेत त्या भागाला ‘पहिले सत्र’ आणि बाराच्या भागाला ‘उद्घाटन सोहळा’ छापा, वाद तिथेच मिटतो. जेवणानंतर अडीचला बीजभाषण ठेवू नका, आणि चारनंतर तर नाहीच. शेवटच्या गाडीसाठी माणसं पिशव्या आवरायला लागतात.

परिचय शंभर शब्दांत, आणि तो वक्त्याला आधी वाचून दाखवलेला. पुरस्कारांची यादी नको. या विषयाशी त्यांचा संबंध काय तेवढं. घड्याळ वक्त्याला दिसेल असं समोर ठेवा, पाच मिनिटं उरली की पहिल्या रांगेतून एकाने कागद दाखवायचा. सूत्रसंचालकाने चारोळ्या म्हणू नयेत, असं त्याला स्पष्ट सांगावं लागतं.

प्रश्नांना सुरुवातीला कुणीच हात वर करत नाही, आणि मग एक जण उठून स्वतःच भाषण करतो. दोन ग्रंथपालांना आधी सांगून ठेवा की पहिले दोन प्रश्न तुमचे. बाकीच्यांना नोंदणीच्या वेळीच प्रश्नाची चिठ्ठी द्या, भाषण चालू असताना गोळा करा आणि सूत्रसंचालकाने त्यातले पाच निवडावेत. चिठ्ठीवर लिहायला बाया आणि नवे ग्रंथपाल बिचकत नाहीत.

भाषण संपल्यावर वक्त्याने सांगितलेली तीन कामं एका कागदावर छापून जेवणाच्या आत सगळ्यांच्या हातात पडली पाहिजेत. म्हणून झेरॉक्सवाला सभागृहाजवळचा बघून ठेवा. कागदाच्या खाली ग्रंथालयाचं नाव, काम निवडल्याची खूण आणि तारीख यांसाठी जागा सोडा. अर्धा भाग फाडून संघाकडे घ्या. तीन महिन्यांनी त्याच यादीवरून फोन करायचे, आणि कुणी काय केलं ते एका पानावर लिहून वक्त्यालाही पाठवायचं.